ताई निघाल्या, त्यांचा पासवर्ड राहिला

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आपले अधीक्षक साहेब, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, आज निवृत्त होणाऱ्या नोंदणी विभागाच्या आमच्या ताई, आणि खुर्च्या कमी पडल्याने भिंतीला टेकून उभे असलेले सहकारी हो,

आज तीस जून. मी संगणक विभागातली, या माइकसमोर कित्येक वर्षांत आले नाही. इतके दिवस गप्प राहिले, त्याची आधी क्षमा मागते.

ताई शांत, ताई हसतमुख, हे आत्ताच सांगून झालं. खरं आहे. पण त्या हसतमुख माणसाच्या डोक्यावर आपण किती मिरे वाटले, तेही कुणी सांगायला नको का?

आपले रक्ताचे रिपोर्ट बाहेरच्या प्रयोगशाळेच्या सर्व्हरवरून येतात. तिथे शिरून रिपोर्ट पाहायला, रुग्णाची माहिती भरायला नाव आणि पासवर्ड लागतो. सुरुवातीला तो ताईंच्या नावाने घेतला, तात्पुरता. मग तोच सगळ्या वॉर्डांच्या संगणकांत भरला. "ताई, पासवर्ड तोच ना?" असं जिन्यावरून ओरडणारे इथेच बसलेत. हसू नका, जिन्यावर रुग्णांचे नातेवाईकही असतात. एकदा ताईंनी नियमाप्रमाणे पासवर्ड बदलला आणि सगळे वॉर्ड अडले. बोलणी कुणी खाल्ली? ताईंनीच. "तुम्हाला नसती हौस हो, ताई!" प्रत्येकाला वेगळं खातं द्या, असं मी सांगत राहिले. उत्तर ठरलेलं: "घरचीच तर माणसं आहेत."

मार्चमध्ये कुणीतरी ताईंच्या खात्यातून एका रुग्णाचा रक्तगट चुकीचा भरला. रक्त चढवण्याआधी सिस्टरच्या लक्षात आलं, म्हणून निभावलं. ताई त्या दिवशी बहिणीच्या ऑपरेशनसाठी रजेवर. चौकशीत म्हणाल्या, "साहेब, मी इथे नव्हतेच."

"पण नाव तुमचंच दिसतंय ना?"

झालं. एवढ्या सेवेवर ठपका. कुणी केलं, ते मलाही सांगता येत नाही. ते कळूच नये, अशी सोय आपणच करून ठेवली. तो माणूस इथे असेल, तर पुष्पगुच्छ देताना त्यानेही टाळ्या वाजवल्या असतील.

साहेब, मी रागात अन्याय तर करत नाही ना, हे स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं. पण आज दुपारी तुम्ही ताईंना म्हणालात, "जाताना पासवर्ड तेवढा लिहून ठेवा, उद्या कुणाचं अडायला नको." म्हणजे ताई घरी, आणि उद्याची चूकही त्यांच्याच माथी? आणि ताई निमूटपणे कागद शोधू लागल्या हो! मी त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं.

प्रयोगशाळेशी मी बोलले आहे. प्रत्येकाचं वेगळं खातं तयार आहे, माझ्या खोलीत येऊन आपापलं घ्या. परवानगी घेतलेली नाही. कारवाई करायची तर माझ्यावर करा.

ताई, इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, आभारी आहे. साहेब, तुम्ही मध्येच थांबवलं नाहीत, तुमचेही आभार. समारंभाला न शोभणारं काही बोलले असेन, तर पदरात घ्या.

आणि उद्या सकाळी, ओपीडी उघडण्याआधी, माझं पहिलं काम: ताईंचं खातं बंद करणे.