पदरावरचा पतंग

परंड्याच्या स्टँडवर तात्या गाडीची वाट बघत होते. शेजारच्या बाकावर सासूसुना बसल्या होत्या.

“आत्याबाई, हलू नका! पदरावर गांधीलमाशी हाय.”

“अगं, मग हाण की चप्पल!”

तात्यांनी तीनदा घसा खाकरला.

“मारू नका. तो पतंग आहे, त्याला नांगी नसते.”

“दिव्यावर येतो त्यो? भर दुपारी?”

“काही पतंग दिवसाच उडतात. गांधीलमाशीसारखे पिवळे पट्टे मिरवतात, म्हणून कुणी वाटेला जात नाही.”

“लई बेरकी की! घ्या बरं तुमच्या हातावर.”

तात्यांनी बोट पुढं केलं. पतंग निवांत चढला.

“देखणा हाय हो, आत्याबाई! आजोबा, चावला का?”

“नाही.”

“मग हात का थरथरतोय?”

“पुस्तकात वाचलं होतं, पोरी. हातावर पहिल्यांदाच घेतोय.”