नखाएवढा लाल रंग

—नाही नाही, पॉलिश पेपर नंतर! आधी रंग कुठला ते ओळखायचं, मग खरवडायचं. तुम्ही गिटार न्यायला आलात, रंग काढून खालचं लाकूड उघडं करणार म्हणालात — करा की, आता तुमचीच होणार ती — पण जुना लॅकर असेल तर थिनरने सुटतो, आणि दोन भाग मिसळून लावायचा कडक कोट असेल तर थिनरला ढिम्म दाद देत नाही. मला कसं माहीत? बावीस वर्षं केमिस्ट्रीची प्रॅक्टिकलं घेतलीत. मुलांच्या शर्टावरचे डागसुद्धा ओळखते मी. चहा घ्या, तो काही तपासायचा नाहीये.

हे बघा, गिटारवरची ही पांढरी प्लेट काढली. तिच्याखाली कुणाचं लक्ष जात नाही, म्हणून चाचणी इथेच. काडीला कापूस, कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर — हसू नका, ॲसिटोनच असतं त्यात. एक, दोन, तीन... झाला की नाही लाल? चिकटही लागतंय. लॅकर. जुना, कारखान्यातला. नवऱ्याने लग्नाआधी घेतलेली ही. वाजवायचा बरा, गायचा मात्र भयंकर — शेजारी खिडक्या लावून घ्यायचे आणि हा म्हणायचा, वारा सुटलाय वाटतं. गेल्या वर्षी गेला. मुलगी म्हणते, आई, वाजवत नाहीस तर देऊन टाक.

आता खालची ही कड. इथे एक गंमत आहे — सांगूनच देते, नंतर बोल नको. लग्नाला तीन वर्षं झालेली, हा गावाला गेलेला, मी व्हॅक्यूम क्लीनर ओढत होते — धाडकन! नखाएवढा टवका. घाबरले? छे. म्हणजे घाबरलेच. माझं नेलपॉलिश नेमकं त्याच लाल रंगाचं. तीन हात दिले, वाळवलं, ठेवली जागेवर. पुढे अठरा वर्षं वाजवली त्याने, पत्ता नाही! कसा लागणार? घरातले पडदे बदललेले याला महिन्याने दिसायचे. फक्त तेव्हापासून गिटार पुसायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं, मला हातच लावू देईना. मला वाटलं, चला, आळस गेला.

तर हे नेलपॉलिश. एका सेकंदात निघेल, बघाच—

थांबा. कापूस सुकला असेल. परत... नाही? कापूस पांढराच आहे हो. असं कसं? जरा मोबाइलचा दिवा धरा. तिरका. तिरका हो! टवक्याभोवती ही कड दिसते? गोल, पाण्याचा थेंब सुकल्यासारखी. वर कोट आहे. पारदर्शक, कडक, दोन भागांचा — घासून किती सपाट केलाय, नखालासुद्धा लागत नाही. हा कोट तर तेव्हाच जेवणाच्या टेबलाला लावलेला. थोडा उरला होता, तो वाटीत घेऊन नवरा गॅलरीत बसला होता. मी विचारलं, काय करतोयस? तर म्हणाला, काही नाही गं, वाया जाईल म्हणून—

म्हणजे याला...

अठरा वर्षं!

नाही, पाणी नको. हसतेय मी. लबाड कुठला. — दिवा बंद करा, बॅटरी जाईल तुमची. तो स्क्रू द्या इकडे, प्लेट बसवते. रंग कुठला ते कळलं ना? झालं तर मग. नाही, रंग सोडवायला हीट गन नको, काहीच नको. लाकूड तुम्हाला दुसरीकडे मिळेल, उघडंच मिळेल. चहा संपवा, आणि जाताना दार ओढून घ्या.