मिजेटच्या बॉनेटात शेवपुरी

जबाब
दि. ०३/१२/२०२५

मी, अंगद पुंजाराम शिंगाडे, वय ६९ वर्षे, व्यवसाय सध्या काही नाही (वाळूजच्या एका कंपनीतून टूलरूम फिटर म्हणून निवृत्त), रा. हर्सूल, छत्रपती संभाजीनगर, मूळ रा. देवगाव रंगारी, ता. कन्नड.

पोलीस स्टेशनला समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी बानाबाई हिच्यासह राहण्यास आहे. जटवाडा रोडवरील लॉन्सचे मालक सुदर्शन गंगावणे यांनी काल दिलेली तक्रार मला वाचून दाखवण्यात आली. तीत दोन गोष्टी आहेत. एक, मी लग्नात त्यांचं चाट काउंटर उधळलं. दोन, त्यांच्या मागच्या शेडमधून गाडीचं इंजिन चोरीला गेलं आणि त्यांचा संशय इब्राहीम खान, डेंटर, रा. गुलमंडी, याच्यावर आहे. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरीत नाव चुकलंय, ते पुढं सांगतो.

हवालदार सुकेशनी ताई जबाब टाइप करत आहेत. मी बोलतो तसंच घ्या, अशी मी त्यांना विनंती केली. 'चाट काउंटर' म्हणताना मला मळमळतं, पण तक्रारीत तोच शब्द आहे.

सन १९८९ मध्ये छावणीत एका डॉक्टरांच्या पडवीत कडब्याखाली मला पहिली गाडी सापडली. इंग्लंडची दोन सीटची स्प्राइट. दिवे बॉनेटच्या वर आलेले, म्हणून गल्लीतली पोरं तिला बेडकी म्हणायची. मला मशीनचं कळायचं, पत्र्याचं कळत नव्हतं. म्हणून इब्राहीमकडं गेलो. त्याचे वडील पत्र्याच्या ट्रंका बनवायचे आणि तो गाड्यांचे डेंट काढायचा. कंपनीला शुक्रवारी सुट्टी असायची. तो नमाज पढून आला की आम्ही कामाला लागायचो. त्या गाडीच्या बोल्टांना आपले पान्हे बसत नाहीत. मी कंपनीत जेवणाच्या सुट्टीत पान्हे घासून सूत-सूत करून माप जमवायचो. दोन वर्षांनी बेडकी चालू झाली तेव्हा इब्राहीमनं अख्ख्या गल्लीला जिलेबी वाटली.

दुसरी गाडी मिजेट, तशीच इंग्लंडची दोन सीटची, १९६४ चं मॉडेल, हिरवी, नंबर एम.एच.ए. ३१७. तक्रारीतलं इंजिन तिचंच. तिला दोन कार्बोरेटर. ते जुळवताना इब्राहीम रबरी नळीचं एक टोक कानात धरायचा, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी, आणि मला म्हणायचा, "अंगदभाई, जरा खामोश." दोन्हीकडं सारखा आवाज आला की गालात हसायचा. मिजेटमध्ये इतकं खाली बसावं लागतं की पाटावर जेवायला बसल्यासारखं वाटतं. म्हैसमाळच्या घाटात बानाबाई पदर दातात धरून बसायची आणि वर पोचल्यावर म्हणायची, परत फिरवा की. असं सुख मला दुसरं कशात मिळालं नाय.

सन २०२२ मध्ये मला काचबिंदू निघाला, गाडी चालवणं बंद झालं. गंगावणे घरी आले, पाया पडले, म्हणाले, "काका, पोरीसारखी सांभाळीन. दर रविवारी फिरवीन." मी कागद करून गाडी त्यांना दिली. माझी अक्कल चरायला गेली होती, दुसरं काय. गाडी कायद्यानं त्यांची आहे, हे मला मान्य आहे.

दि. ३०/११/२०२५ रोजी माझी पुतणी मेघा हिचं लग्न त्याच लॉन्समध्ये होतं. दुपारी बारा पस्तीसचा मुहूर्त. अक्षता पडल्यावर मी जेवणाकडं गेलो, तर भिंतीला टेकवून मिजेटचा पुढचा अर्धा भाग उभा होता. मागचा अर्धा कुठं गेला, माहीत नाही. रंग सोनेरी मारलेला. दिव्यांच्या जागी गुलाबी बल्ब. बॉनेट उघडं आणि इंजिनाच्या जागी स्टीलचे डबे. शेव, उकडलेले बटाटे, चिंचेचं पाणी. जाळीत प्लास्टिकचे चमचे खोचलेले. एक बाई मडगार्डवर उष्टी प्लेट ठेवून सेल्फी काढत होती. वर पाटी, 'विंटेज चाट'. मी पुढं गेलो तर टोपीवाला वेटर म्हणाला, "अंकल, तीखा या मीठा?"

मला तिथंच ओकारी आली. ही बोलायची पद्धत म्हणून सांगत नाही, खरोखर आली. तोंड पुसलं आणि डबे उचलून जमिनीवर ओतले. किती डबे, असं इथं समोर बसलेल्या फौजदार साहेबांनी विचारलं. सगळे. चिंचेचं पाणी गंगावणे यांच्या पांढऱ्या बुटांवर गेलं. ते मुद्दाम नव्हतं, पण त्याचं मला वाईटही वाटत नाही. ते ओरडले, "म्हातारं येडं झालं का?" मी म्हणालो, "व्हय, झालं. तुला गाडी दिली त्याच दिवशी झालं." मेघा रडली, त्याची मला लाज वाटते. तिच्या सासरी जाऊन मी माफी मागून आलो. गंगावणे यांची मागणार नाही.

डबे निघाल्यावर मी कापलेल्या कडेवरून हात फिरवला. कापलेला पत्रा धारेचा असतो, हात लावला की रक्त. ही कड गोल होती. आत तार घालून पत्रा तिच्यावर दुमडलेला आणि बारीक ठोकलेला. ट्रंकवाले झाकणाची कड अशी करतात, कुणाचा हात कापू नये म्हणून. गाडीच्या पत्र्याला असं करणारा या शहरात एकच माणूस मला माहीत आहे. मी तिथंच खाली बसलो. लोकांनी खुर्ची दिली.

दि. ०१/१२/२०२५ रोजी, सोमवारी, सकाळी दहाच्या सुमारास मी इब्राहीमच्या गॅरेजला गेलो. मी विचारलं, "तूच कापली?" तो म्हणाला, "हौ." मी म्हणालो, "हात झडले नाहीत तुझे?" तो म्हणाला, "गंगावणे गॅस कटरवाले को बुलाया था, अंगदभाई. मैं नै जाता तो वो पूरी जला डालता था. मैं आरी से काटा. तीन दिन लगे." मी विचारलं, मला का नाही सांगितलं. तो म्हणाला, "बोलता तो आप मर जाते थे." मी त्याच्या दारात थुंकलो. छत्तीस वर्षांत त्या दारात मी पहिल्यांदा थुंकलो. जो माणूस नळी कानाला लावून तिचा श्वास ऐकायचा, त्यानंच तिला आरी लावली. मग आरीनं कापा नाहीतर गॅसनं जाळा, मला सारखंच.

गॅरेजच्या कोपऱ्यात पोतं टाकून काहीतरी झाकलेलं होतं. त्याच्याखाली ट्रे आणि ट्रेमध्ये तेलाचे थेंब. काय होतं ते मी पाहिलं नाही. सुकेशनी ताई, 'पाहिलं नाही' असंच लिहा. इब्राहीम त्या पोत्यावर हात ठेवून काही बोलला, तेही मला ऐकू आलं नाही. माझे कान चांगले आहेत, तरी ऐकू आलं नाही.

तेवढ्यात त्याची बायको गुलशन भाभी चहा घेऊन आली. जानेवारीत दोघांचं मक्केला, उमऱ्याला जायचं ठरलंय. तिनं नवे पासपोर्ट ओढणीत गुंडाळून आणून मला दाखवले. सहा वर्षं ती या दिवसाची वाट बघते आहे. मी चहा न घेता निघालो. चोरीची केस झाली तर त्याला जाता येणार नाही, हे मला आज इथं बाकावर बसल्यावर समजलं.

आता इंजिनाबद्दल. ते मी नेलं. त्याच सोमवारी दुपारी दोन वाजता लॉन्सच्या मागच्या शेडमधून. शेडला कुलूप नव्हतं. इंजिनावर लग्नातल्या उष्ट्या प्लेटा टाकलेल्या होत्या. सध्या ते माझ्या अंगणात आहे. पंचनामा करून ताब्यात घ्यावं.

साहेबांनी विचारलं, इंजिनाचं वजन किती. सव्वाशे किलो असेल. उचललं कोणी? मी. सोबत कोण? कोणी नाही. सुकेशनी ताई म्हणाल्या, "काका, मघाशी तुम्हीच म्हणालात ना, फेब्रुवारीत हर्नियाचं ऑपरेशन झालं?" व्हय, झालं. धनगराचं हाड आहे, उचलतं. नेलं कशातून? टेम्पोतून. टेम्पोचा नंबर काय? आठवत नाही. मला गाड्यांचे नंबर लक्षात राहत नाहीत. इब्राहीमचा टेम्पो आज सकाळी माझ्या दारात पाहिल्याचं शेजारी शिवम यानं सांगितलं आहे. पाहिला असेल. आमच्या गल्लीत टेम्पो येतात.

गंगावणे इथं हजर आहेत. इंजिन त्यांना परत पाहिजे. त्यावर काच टाकून ऑफिसात टीपॉय करायचा आहे, असं त्यांनी साहेबांसमोर हसत सांगितलं. मी बाहेर जाऊन पाणी पिऊन आलो. त्या इंजिनाचा एकेक वॉल्व्ह मी हातानं घासून बसवला आहे. पोरीसारखी सांभाळीन म्हणणाऱ्या माणसाचे चहाचे कप आता त्यावर येणार. तरी माझी हरकत नाही. आजच न्यावं. मात्र त्यांनी तक्रारीतलं इब्राहीमचं नाव काढावं आणि चोरी माझ्या नावावर लावावी. मला कुठं जायचं नाही, माझा पासपोर्ट नाही.

साहेबांनी शेवटी विचारलं की, इब्राहीम खान याच्याशी तुमचा संबंध काय. आता काही नाही. ज्यानं आमची गाडी कापली त्याचं तोंड मला बघायचं नाही. म्हणून त्याला इथं बोलवू नये, त्याच्या गॅरेजला शिपाई पाठवू नये, त्याच्या घरच्यांना काही विचारू नये. जे केलं ते मी एकट्यानं केलं.

हा जबाब सुकेशनी ताईंनी मला दोन वेळा सावकाश वाचून दाखवला आणि काका, काही बदलायचं का, असं विचारलं. बदलायचं काही नाही. मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

समक्ष,
(सही) अंगद पुंजाराम शिंगाडे