किल्ला कुठं पळून जातोय

जबाब

नाव : श्रेया तात्यासाहेब निकम, वय २४ वर्षे, धंदा : खासगी शिकवणी, रा. वैजापूर, जि. छत्रपती संभाजीनगर.

मी आज पोलीस ठाण्यात स्वतःच्या पायांनी हजर झाले असून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी आई-वडिलांसोबत राहते. मी बेपत्ता असून मला कोणीतरी फूस लावून पळवले, अशी तक्रार माझे चुलते काकासाहेब यांनी दिली आहे. ती मला वाचून दाखवली. तिच्यातले माझे नाव व वय बरोबर आहे.

आज सकाळी चुलते व चुलती मला शहर दाखवतो म्हणून त्यांच्या गाडीतून घेऊन आले. मकबरा, पाणचक्की आणि दौलताबादचा किल्ला पाहायचा ठरला होता. शाळेची सहल किल्ल्यावर गेली तेव्हा "पोरीची जात, कुठं चढती" म्हणून याच चुलत्यांनी मला घरी बसवले होते. त्यामुळे मी हरखले. या माणसाला प्रेक्षणीय स्थळांची आवड कधी लागली, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

मकबऱ्यात पडेगावचा सुदर्शन नावाचा मुलगा व त्याची आई भेटले. चुलते म्हणाले, "बघा, कशी बोलाफुलाला गाठ पडली!" चुलतीने गाडीतच माझा फोन काढून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला होता आणि मला गजरा माळला होता. गाठ कोणी घातली ते मला तेव्हा कळले.

तिथे वर ओट्यावर जाताना चपला काढाव्या लागतात. मुलाच्या आईने माझ्या खांद्याला खांदा लावून पाहिला, मग मुलाला शेजारी उभे केले. चुलतीला म्हणाली, "हॉटेलात बघायला गेलं की पोरी उंच टाचा घालून येत्यात. इथं कसं, आपोआप उतरत्यात." आधीच्या मुलीही तिने इथेच मोजल्या, असे अभिमानाने सांगितले. घुमटाकडे मान वर करून कोणी पाहिले नाही.

मुलाचा प्लॉटिंगचा धंदा आहे. बाग पाहून तो म्हणाला, "लई मोक्याची जागा. नुसती पडून आहे." मी विचारले, किल्ला तुमच्या घराजवळच, तुम्ही चढला असाल? तो म्हणाला, "गाडीतून दिसतो की. वर चढून काय भेटतंय?" यानंतर त्याच्याविषयी मला आणखी माहितीची गरज उरली नाही.

पाणचक्की झालीच नाही. आजच पडेगावला घरी जाऊन कुंकू लावून लग्न पक्के करून टाकू, असे मोठ्यांनी ठरवले. पी हळद अन् हो गोरी. मी किल्ल्याचे विचारले. चुलते म्हणाले, "किल्ला कुठं पळून जातोय? सासरचे दाखवतील." मी नको म्हणाले. चुलत्यांनी गाडीतले गाणे मोठे केले.

पडेगावला ओसरीत शेजारच्या बायका जमल्या होत्या व कुंकवाचे ताट तयार होते. एकदा कुंकू लागले की मग नाही म्हणणाऱ्या मुलीचेच नाव खराब होते, मुलाचे कधी होत नाही. हे जमलेल्या सगळ्यांना माहीत होते, म्हणूनच घाई होती. मी हातपाय धुऊन येते म्हणाले, मागच्या दाराने हमरस्त्यावर आले व दौलताबादकडे जाणाऱ्या रिक्षात बसले. माझ्यासोबत कोणी नव्हते.

किल्ला पाहिला. आतल्या अंधाऱ्या वाटेत मला भीती वाटली, पण ओसरीत वाटली तेवढी नाही. वर पोहोचल्यावर मी पोटभर रडले. खाली उतरून एका पेरूवालीच्या फोनवरून वडिलांना फोन केला. आजचा बेत तुम्हाला माहीत होता का, असे विचारले. ते म्हणाले, "मला वाटलं, तू व्हय म्हणशील." तक्रारीचे त्यांच्याकडूनच कळले.

मी सज्ञान आहे. सदर मुलाशी लग्नास माझा नकार आहे. मी चुलत्यांच्या गाडीत बसणार नाही. वडील वैजापूरहून निघाले आहेत. त्यांच्यासोबत जायचे की नाही, हे मी त्यांना समोर बसवून एकदा 'नको' म्हणेन आणि त्यांना ते ऐकू येते का, ते पाहून ठरवीन.

जबाब मला मराठीत वाचून दाखवला. त्यात 'मुलगी मिळून आली' असे लिहिले होते. ते मी खोडायला लावून 'स्वतः आली' असे लिहून घेतले आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.