जेनिफरचा पांढरा गाऊन

बाळकुमच्या बसथांब्यावर रांगेत उभ्या महिपतरावांच्या पुढे दोघी तावातावाने बोलत होत्या. एक शाळेतल्या रुचिता टीचर, दुसरी चौथीतल्या जेनिफरची आजी, थेल्मा.

"टीचर, पारंपरिक वेशाच्या दिवसाला आमच्या पोरीला गाऊन का सांगितला?"

"आजी, तुमच्यात गाऊनच असतो ना?"

"माझी सासू मरेपर्यंत लुगडं नेसली. सणाला मीपण नेसते. लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून विहिरीचं पाणी आणतो आम्ही, नवरीच्या आंघोळीला."

"चर्चमधल्या लग्नाला? पुस्तकात तर नुसता नाताळ नि केक आहे."

"म्हणून सोमवारी मी येते वर्गात, लुगडं नेसून. पोरांनी काय ते मला विचारावं."

"मोठ्या मॅडम म्हणतील, डिसेंबरात बघू."

"डिसेंबरात केक खायला सगळेच येतात. मी सोमवारीच येणार. हाकललं तर गेटवर सांगीन."

"गेटवर कशाला? वर्ग माझा आहे."

"बरं, माझी बस आली. तुमची वागळे इस्टेटची ना?"

"ती जाऊ दे. आज तुमच्या घरी येते, मला नेसायला शिकवा. सोमवारी दोघी लुगड्यात जाऊ. मग मॅडम कोणाकोणाला हाकलतात, बघतेच मी!"