बारा जणांची यादी

...नाही, नाही, तुम्हीच सांगा मला, सव्वीस वर्षं! सव्वीस वर्षं शाळेच्या भटारखान्यात उभं राहून पाचशे पोरांची डाळ ढवळली मी, आणि दर महिन्याला पगारातून विम्याचा हप्ता कापून घेताना कुणी एकदा तरी विचारलं का, की हूरियाताई, कापू का? नाही विचारलं! आणि आता माझं हृदय गडबड करायला लागलं, तर मी आपली दारोदार विचारत फिरतेय, कार्ड चालतं का, कार्ड चालतं का, जशी काही खोटी नोट खपवायला निघालेय!... अहो, दारावर रेलू नका हो, यादी चिकटवायचीय तिथे.

सुरुवात कशी झाली सांगते. रव्याचा कुसकुस वळून ठेवला होता, तो वाळवायला परात घेऊन गच्चीवर निघाले, आणि तिसऱ्या मजल्यावर श्वासच संपला. म्हणजे अक्षरशः संपला, डब्यातली साखर संपावी तसा! आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि थेट चिठ्ठी लिहायला घेतली. एरवी फुटबॉलवर तासभर बोलणारा माणूस हो तो! मग म्हणाले, "ताई, झडप नीट बंद होत नाहीये असं वाटतंय. हृदयाच्या डॉक्टरकडून इको करून घ्या, महिना संपायच्या आत. पुढे ढकलू नका." म्हटलं, कार्ड चालेल असा कोण आहे? तर खिडकीबाहेर बघायला लागले. "शोधा," म्हणाले. शोधा! झडप माझी, शोधू मी!

शोधलं. स्टेशनजवळच्या दवाखान्याच्या काचेवर हे एवढं, ताटाएवढं स्टिकर, इथे विम्याचं कार्ड स्वीकारतो. मी आत गेले, हिरवं कार्ड टेबलावर ठेवलं, तर ती नखं रंगवलेली पोरगी म्हणते, "मावशी, ते स्टिकर आमचं नाही. आधी इथे चष्मेवाला होता." अगं, मग काढत का नाहीस? "काच खराब होते ना!" काच खराब होते! माणसं खराब झाली तर चालतील, काच नको!

दुसरीकडे गेले. कार्ड चालतं का? "चालतं की, पण कार्डाचं मशीन बंद आहे." कधीपासून? "रमजानपासून." कुठल्या रमजानपासून? तर हसली हो ती! मग पार अन्नाबा शहरातल्या दवाखान्यात फोन लावला. कार्ड चालतं का? तिथला माणूस कसा मधाळ, "चालतं ना, बाई, पण तुम्ही सूक अहरासच्या, तुम्ही तुमच्या गावातला डॉक्टर बघा." अरे बाबा, गावात मिळत नाही म्हणून तर तुला फोन केला!

आणि माझा भाऊ लख्दर! चहा ओरपत मला शिकवतोय, "रोख टाक आणि मोकळी हो. जीव मोठा की हट्ट?" म्हटलं, रोख तू देतोस? तर त्याला एकदम आठवलं की मेंढ्यांना पाणी पाजायचं राहिलंय.

शेवटी हे डॉक्टर बेनझायद सापडले. कार्ड चालतं. चालतं! पण फक्त रविवारी आणि बुधवारी, आणि फक्त बारा जणांचं. शिवाय हृदयाचा डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही! वर पोचला तो निम्मा बरा, असंच धरत असतील. दार उघडतं आठला. पहाटे जो पहिला येईल त्याने वहीचं पान फाडायचं, येईल त्याचं नाव लिहायचं आणि दाराला चिकटवायचं. त्या पहिल्या रविवारी मी पहाटेची नमाज झाली की निघाले. चौथा नंबर! खूश! आणि सात वाजता एक साहेब आले, कातडी जाकीट, केसांना तेल, खिशातून दुसराच कागद काढून म्हणतात, "खरी यादी ही आहे. काल संध्याकाळीच केली." आणि नावं कुणाची? आई, सासू, मावसबहीण, मेहुणा... अख्खं खानदान हृदयरोगी! अशी जुंपली जिन्यात म्हणता! तेवढ्यात आत नावं पुकारायला असते त्या वहीबा नावाच्या पोरीने दार उघडलं आणि जो कागद हाताशी आला तो घेतला. त्याचा.

...बघताय काय वर? छताला काही लिहिलेलं नाही. हो, तुमचंच चाललंय, सात नंबर! आज सासूबाईंना सोबत आणलंत, उपकार झाले.

मग बुधवारी मी घरून वहीच आणली. पट्टी आणली. आखून आकडे, नाव, यायची वेळ, सगळं. लोक म्हणाले, हूरियाताईंची यादी म्हणजे पक्की. आणि पहिल्याच ओळीवर, लाल शाईत, पट्टीने खाली रेघ मारून, माझं नाव! आठ वाजले. वहीबाने दोन नंबरापासून हाका मारायला सुरुवात केली. आशेवर थांबलेल्या तेराव्यापर्यंत गेली, बारा भरले आणि दार बंद! अगं बाई, आणि मी? म्हणते, "अय्या, ते तुमचं नाव होय? मला वाटलं मथळा आहे!"

मथळा! सव्वीस वर्षं हप्ता भरलेला मथळा!

म्हणून आज निळी शाई. नंबर चौथा, मधेच, साधा, रेघबिघ काही नाही. आज रविवार, मंगळवारी महिना संपतो, तेव्हा आजच काय ते. बारावे कोण? तुम्ही? नाव... हं. झाले बारा. संपलं. आता प्रत्यक्ष मंत्री आला तरी...

...थांबा. जिन्यात कोण आहे?

...तीन पायऱ्या. थांबली. दोन पायऱ्या... थांबली.

या बाई, भिंत सोडू नका. अहो, ओठ केवढे जांभळे झालेत तुमचे! काय म्हणता? "ताई... इथे... कार्ड... चालतं का?"

आता का गप्प झालात सगळे? मघाशी तर तोंडाला खळ नव्हती! सगळ्यांना एकाएकी आपापले बूट आवडायला लागले वाटतं? सात नंबर, तुम्हीसुद्धा? काय म्हणता, सासूबाई नाजूक आहेत? अहो, सासूबाई तुमच्या आधी जिना चढून आल्यात!

चालतं, बाई, इथे कार्ड चालतं. बसा या पायरीवर. नाव काय? झुलेखा. चौथा नंबर तुमचा. आभार नकोत, श्वास जपून वापरा, आत लागेल. आणि माझ्याकडे असं भरल्या डोळ्यांनी बघू नका कुणी! मी काही देवमाणूस नाही, मी चिडलेय! या डॉक्टरवर, त्या चष्मेवाल्याच्या स्टिकरवर, आणि तुम्हा अकरा जणांवर तर भयंकर! पण मी अर्धा तास न थांबता बोलतेय, आणि तिला पाच शब्दांत तीनदा थांबावं लागलं. अक्षर माझं, वही माझी, खोडायचं तरी कुणाचं नाव?

चला, आठ वाजत आले. ते लाल पेन द्या इकडे. पट्टी धरा. वर, एक नंबराच्याही वर, कोऱ्या ओळीवर... हूरिया. खाली रेघ. सरळ आली ना?

झाला मथळा. बुधवारी वेळेवर या सगळे, यादी माझ्याकडेच असते.