नवरा मुलगा बघण्याचा कार्यक्रम

सगळ्यांना दिसत होतं आणि एकानंही तोंड उघडलं नाही! — नाही नाही, तुम्हाला एकट्याला म्हणत नाही मामा, बसा. चहा नको. सोलापूरहून सकाळच्या एसटीनं मंद्रूपला आलोय ते चहाला नव्हे, तुमच्या मुलीशी, महादेवीशी ठरलेलं माझं लग्न मोडायला. — ओरडू नका, आधी ऐका. आठवतंय ना, मुलगी बघायला आम्ही सातजण आलो होतो? तिला चालायला लावलं, केस सोडायला लावले, माझ्या आत्यानं तर सुईत दोरा ओवायला लावला — नजर धड आहे ना बघायला! आणि मी? सत्तावीस वर्षांचा बाप्या, आवाज पाचवीतल्या पोराचा, गालावर एक केस नाही — मला काय विचारलंत? नोकरी पर्मनंट आहे का!

कोवळा दिसतो म्हणे! कोवळा नाही मामा, मी वयातच आलेलो नाही. — हो, तेच म्हणतोय. आमच्या घरचे शहाणे तर काय, लग्न झालं की मिसरूड फुटेल म्हणतात — जणू अक्षता डोक्यावर नाही, हनुवटीवर पडतात! न्हावी दर रविवारी कोऱ्या गालाला साबण फासून वस्तरा फिरवतो, चार लोकांना दिसावं म्हणून. मीच सांगतो त्याला तसं — ते जाऊ द्या. गेल्या आठवड्यात डॉक्टरकडे गेलो. पहिला प्रश्न काय? वास येतो का! म्हटलं, हा डॉक्टर की भोंदू? पण खरंच येत नाही हो, जन्मात कधी आला नाही. मोगऱ्याला लोक वा वा म्हणायचे, मीही मान डोलवायचो. जन्मापासूनच असतं म्हणे हे, हजारोंत एखाद्याला — वयात ये म्हणून मेंदूकडून शरीराला निरोपच जात नाही. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन. दाढी येईल, आवाज फुटेल. — मूल? त्याची हमी नाही म्हणाला.

नामर्द? — म्हणा की! वसतिगृहातली पोरंही तेच म्हणायची, म्हणून मी सगळ्यांच्या आधी उठून आंघोळ उरकायचो. हिप्परग्याच्या तळ्यावर दोनदा जाऊन आलो — पोहायला नव्हे. — नाही, आता तसलं काही डोक्यात नाही. दोष त्या न गेलेल्या निरोपाचा, माझा नाही, एवढं कळायला सत्तावीस वर्षं! आणि तुम्ही सगळे मुहूर्त काढत बसलात!

तेव्हाच का नाही बोललो? — बोलणारच होतो. पण चहा देताना तिनं विचारलं, "मास्तर, वर्गात कविता चालीवर म्हणता का?" मी हो म्हटलं — आणि माझा आवाज ऐकून ती हसली नाही. जन्मात पहिलं माणूस, मामा — हसलं नाही. — तर... तर असं आहे. म्हणूनच तिच्या आयुष्याची माती मला करायची नाही. खुशाल मला नावं ठेवा, गावभर सांगा. माझं ठरलंय. येतो मी.

तेवढ्यात चुलीपुढून महादेवीची आई, सावित्रम्मा म्हणाली, "आदी ह्येंनी ठरवलं, आता तुमी ठरवताय. पोर हितं दाराआड हुबी हाय मास्तर — तिला इचारा की."